साठ यवतमाळांचा देश

नामिबिया हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते चित्त्यांमुळे. १७ सप्टेंबर २०२२ ला तिथले आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले आणि आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचा हा देश दिवसभर टीव्हीवर झळकला. पुढे चित्त्यांच्या बातम्या येत राहिल्या, देश मागे पडला. यवतमाळच्या माणसाने मात्र त्याच्याकडे जरा निरखून पाहावं, कारण या देशाचा रिकामेपणा मोजायला यवतमाळसारखं माप दुसरं नाही.

२०२३ च्या जनगणनेत नामिबियाची लोकसंख्या ३० लाखांच्या जरा वर भरली. यवतमाळ जिल्ह्याची २०११ साली २७ लाख ७२ हजार होती. म्हणजे माणसं जवळपास सारखीच. जमीन मात्र आपल्याकडे १३,५८२ चौरस किलोमीटर आणि त्यांच्याकडे ८ लाख २४ हजार. वणी, पुसद, दिग्रस, उमरखेड धरून आपले सगळे सोळा तालुके साठ वेळा अंथरायचे आणि त्या पसाऱ्यावर एकाच जिल्ह्याची माणसं पांगवायची, की नामिबिया झाला. तीही सारखी पांगलेली नाहीत. बरीचशी उत्तरेच्या पट्ट्यात आणि विंडहूक या राजधानीत आहेत. पर्यटक ज्या भागात जातात, तो दक्षिणेचा आणि किनाऱ्याचा वाळवंटी भाग जवळजवळ मोकळा.

या मोकळ्या भागात लोक स्वतः गाडी चालवत फिरतात. प्रेक्षणीय जागांपर्यंत नेणारी बस नाही, रेल्वे असून नसल्यासारखी. रेल्वेवाचून राहण्याची यवतमाळकराला सवय आहे. शकुंतला ही जुनी रेल्वेगाडी बंद पडली ती पडलीच, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. पण रेल्वे नसली तरी आपल्याकडे काळी-पिवळी असते, एसटी असते, रात्री उशिरा निघालेल्या कुणाच्या तरी बोलेरोत एक जागा असते. तिथे विमानतळावर उतरलं की गाडी भाड्याने घ्यायची आणि चालवायची, दुसरी तऱ्हा नाही म्हटलं तरी चालेल.

आता प्रश्न असा की यवतमाळच्या रस्त्यांवर हात बसलेला माणूस तिथे कितपत टिकेल? माझं मत असं, की वाहन चालवण्यात तो कमी पडणार नाही. तो कमी पडेल ते एका वेगळ्याच गोष्टीत. आपलं सगळं ड्रायव्हिंग माणसांच्या भरवशावर चालतं आणि हे आपल्या कधी लक्षातही येत नाही. पांढरकवड्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडू द्या. बोनेट उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोच एक दुचाकी थांबते, "काय झालं भाऊ?" म्हणून विचारते, मग दुसरी थांबते, मग कुणीतरी ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवतो आणि टोचन करून गाडी पुढच्या फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत जाते. जिल्ह्यात दोन हजारांवर गावं आहेत. कुठेही उभे राहा, दोन-तीन किलोमीटरवर वस्ती असतेच. म्हणून आपण स्टेपनीची हवा तपासत नाही, पाण्याचा कॅन टाकत नाही, टाकी काट्यावर आली तरी बेफिकीर असतो. यात आळस थोडा आहे आणि अनुभव जास्त. नामिबियात हा अनुभवच उलटतो, कारण तिथे पुढचं गाव शंभर किलोमीटरवर असू शकतं आणि ते गाव म्हणजे एक पेट्रोल पंप आणि चार घरं.

सेसरिम आणि वॉल्विस बे यांच्या वाटेवरचं सॉलिटेअर हे असंच गाव. पेट्रोल पंप, दुकान, सफरचंदाच्या पायसाठी नावाजलेली बेकरी आणि अंगणात वाळूत रुतवून ठेवलेल्या जुन्या मोटारींचे गंजके सांगाडे. नकाशावर मात्र ते ठळक अक्षरांत छापतात, कारण आसपास छापण्याजोगं दुसरं काही नाही.

उन्हाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात ४४-४५ अंशांत वणीहून नागपूर गाठणारे आपण. पण वाळवंट म्हणजे ऊन हे समीकरण इथे फसतं. नामिबिया दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे पर्यटकांचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा. रात्री पारा शून्याजवळ जातो. किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड समुद्रप्रवाह वाहतो. त्याच्यावरून येणारी हवा गार आणि जड असते, तिच्यातून धुकं पडतं, पाऊस पडत नाही. नामिब वाळवंट वाळवंट राहिलं आहे त्यात या प्रवाहाचा मोठा हात आहे. स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या शहरात सकाळी दहा वाजता गाडीचे दिवे लावून, स्वेटर घालून, धुक्यातून वाळवंटाकडे निघावं लागतं. टोपी-उपरण्याची तयारी करून गेलेला वैदर्भीय माणूस तिथे कुडकुडतो.

गाडी भाड्याने घेणं ही गोष्टसुद्धा आपण एका विशिष्ट रीतीने करत आलो आहोत. यवतमाळात गाडी सांगायची म्हणजे ड्रायव्हरसकट सांगायची. किलोमीटरचा दर, दिवसाला किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल वेगळा. गाडी चालवायची जबाबदारी त्याची, बिघडली तर दुरुस्त करायची चिंता त्याची. ड्रायव्हरविना गाडी देणारा परवानाधारक धंदा छोट्या शहरांत रुजला नाही, याला कायदाही कारण आहे. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेनुसार परवाना हवा असेल तर किमान ५० गाड्या लागतात. एवढा पसारा पुण्या-मुंबईत परवडतो. अशा परवान्यातल्या गाड्यांची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी ओळखीपाळखीत "घेऊन जा, दोन हजार दे" म्हणून फिरते, ती या चौकटीच्या बाहेर. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. म्हणजे स्वतःच्या सहीने गाडी घ्यायची, तिचा करार वाचायचा आणि ती जशी घेतली तशी परत करायची हा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांना परदेशात पहिल्यांदा येतो, तोही वाळवंटात.

कागदपत्रांची सुरुवात यवतमाळच्या आरटीओतच होते, आपल्या एमएच-२९ वाल्या. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हा वेगळी परीक्षा देऊन मिळत नाही. चालू लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, फॉर्म ४-ए आणि एक हजार रुपये शुल्क, एवढ्यावर काम होतं. तो एक वर्ष चालतो. भारत तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली देतो. २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनंतर त्याचा नमुना देशभर एकसारखा झाला आणि त्यावर क्यूआर कोड आला. नामिबियात इंग्रजीतलं लायसन्स चालतं, तरी हा परवाना बरोबर असावा, कारण काउंटरवरचा माणूस किंवा विमा कंपनी तो मागू शकते. मूळ लायसन्स घरी ठेवून नुसता हाच नेणाऱ्याला मात्र गाडी मिळणार नाही. दोन्ही लागतात. दुबई किंवा अबुधाबीला फिरायला जाऊन गाडी घेणाऱ्या भारतीयालाही हीच जोडी लागते. तिथे राहायला गेलेल्याला ती चालत नाही, त्याला तिथलंच लायसन्स काढावं लागतं.

नामिबियाची एक सोय अशी की वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. आखाती देशांत हे सगळं उलटं आहे. तिथे पहिले दोन दिवस इंडिकेटर द्यायला जाऊन वायपर फिरवण्यात जातात.

कराराकडे येऊ. इथे घाई करू नये. "फुल इन्शुरन्स आहे" हे वाक्य काउंटरवर ऐकलं की आपण निर्धास्त सही करतो, पण त्या विम्यातून बहुतेक वेळा टायर, समोरची काच आणि गाडीचा खालचा भाग वगळलेला असतो. गिट्टीच्या रस्त्यावर नेमकं तेच फुटतं. जास्तीचा हप्ता भरून टायर-काच आत घेता येतात आणि मला विचाराल तर ते पैसे वाचवू नयेत. दुसरं, नुकसान झालं तर पहिली अमुक रक्कम आपल्या खिशातून जाते आणि तेवढी क्रेडिट कार्डावर आधीच अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर बहुधा भागत नाही. तिसरं कलम सर्वांत महत्त्वाचं: दुसऱ्या वाहनाशी धडक न होता गाडी नुसती उलटली, किंवा गावाबाहेर रात्री चालवताना अपघात झाला, तर अनेक करारांत विमा लागूच होत नाही. गिट्टीच्या रस्त्यावर ताशी ८० ची मर्यादाही असते आणि गाडीत बसवलेलं यंत्र वेगाची नोंद ठेवतं. अपघातानंतर ती नोंद आधी उघडली जाते.

ही कलमं कुणाला छळायला लिहिलेली नाहीत, ती तिथल्या रस्त्यांवरून आलेली आहेत. देशात सुमारे ४९ हजार किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांतला जेमतेम सहावा हिस्सा डांबरी. बाकी मुरूम, गिट्टी, वाळू आणि किनाऱ्याजवळ चक्क मिठाचे. रस्त्याच्या नंबराआधीचं अक्षर बरंच सांगून जातं. बी म्हणजे डांबरी हमरस्ता, सी म्हणजे बहुधा गिट्टीचा पण रुंद आणि निगराणीतला, डी म्हणजे देवाच्या भरवशावर. मुरुमाचा रस्ता आपल्याला नवा नाही. फरक एवढाच की आपल्याकडे त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वर जाताच येत नाही, कारण पुढे बैलगाडी, शेळ्या, वळण किंवा खड्डा असतो. तिथे रस्ता सरळ, सपाट, रिकामा. पाय आपोआप दबतो. शंभरच्या वेगाने सैल गिट्टीवर चाक जमिनीला धड चिकटलेलं नसतं. डावं चाक कडेच्या भुसभुशीत मुरुमात उतरतं, माणूस दचकून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो, गाडी आडवी होते, ब्रेक दाबला जातो आणि मग ती कोलांट्या खाते. परदेशी पर्यटकांचे अपघात तिथे अनेकदा असे होतात. समोर कुणीही नसताना. अशा वेळी पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेकला पाय अगदी हलकेच लावायचा. हे वाचून येत नाही, पहिल्या दिवशी पन्नासच्या वेगात हात बसवून घ्यावा लागतो.

या रस्त्यांवर आडव्या वळ्या पडतात आणि गाडी दात वाजेपर्यंत खडखडते. टोरोंटो विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली वाळूचा गोल मार्ग चाकाखाली फिरवून या वळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की ठरावीक वेगाच्या वर चाक गेलं की वळ्या पडणारच, आणि गाड्यांच्या बाबतीत हा वेग अगदीच कमी असतो. म्हणजे जवळपास माणूस चालतो त्या वेगाने गाड्या हाकल्या तरच रस्ता सपाट राहील. ग्रेडर फिरवून वळ्या मोडतात, काही आठवड्यांत त्या परत येतात. ठेकेदाराला शिव्या देण्यात इथे अर्थ नाही, हे कबूल करणं आपल्याला जरा जड जाईल.

टायरच्या हवेबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून चार पीएसआय कमी भरायची. खरं तर डांबरी रस्त्यावर वेगात हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, सारखा वाकतो, त्या वाकण्यानेच तापतो आणि फुटतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि उन्हात होणारी वाढ त्यात धरलेली असते. सकाळी निघण्याआधी तपासायची, दुपारी तापलेल्या टायरमधून काढायची नाही. हवा कमी करायची ती रस्ता बदलल्यावर. गिट्टीवर थोडी, किती ते गाडी देणाऱ्यालाच विचारावं. खोल वाळूत भरपूर, साधारण १५ ते १८ पीएसआयपर्यंत. त्याने टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन वाटलं जातं, चाक खणत नाही. डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरायची, म्हणून गाडीत कंप्रेसर हवा.

खोल वाळूची खरी परीक्षा नामिब वाळवंटातल्या सोसुसफ्लेईला होते. सेसरिमच्या फाटकापासून साठेक किलोमीटर डांबर आहे, दोन्ही बाजूंना तांबड्या वाळूचे डोंगर. मग डांबर संपतं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर नुसती वाळू. तिथे फोर बाय फोरलाच जाऊ देतात आणि त्याही फसतात. पावसाळ्यात पांदणीतून ट्रॅक्टर किंवा जीप काढलेल्या माणसाला यातलं अर्धं आधीच येतं: वेग तोडायचा नाही, मधेच थांबायचं नाही, आधीच्या चाकोरीतून जायचं, चाक फिरून खणायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडायचा. उरलेलं अर्धं वेगळं आहे. काळी माती ओली असताना धरते आणि सुकली की सोडते. वाळू पहाटे गार आणि घट्ट असते, दुपारी सैल होते. त्यामुळे सकाळी सहज गेलेली गाडी परतताना रुतते. ज्याला हे नको त्याच्यासाठी डांबर संपतं तिथून वाळूतून नेणारी गाडी पैसे देऊन मिळते. मिरवायचं नसेल तर तीच बरी. किनाऱ्याकडच्या खारपट्ट्यांत मात्र काळ्या मातीचा अनुभव पूर्ण कामाला येतो. वरून पांढरी, कडक, फरशीसारखी सपाट जमीन, आणि पापुद्रा फुटला की खाली ओला गाळ. त्यात आस टेकेपर्यंत गाडी बसते. वर सुकलेल्या भेगाळ रानात बैलजोडी घालण्याआधी ज्याने काठी खुपसून पाहिली आहे, तो इथे गाडी घालणार नाही.

रात्री न चालवण्याचं कलम जनावरांमुळे आहे. आपल्याकडे रोही आणि रानडुक्कर, तिथे कुडू आणि गेम्सबोक ही मोठी हरणं आणि रानडुकराचाच चुलतभाऊ वॉर्टहॉग. कुडू रोह्याएवढाच थोराड आणि उंच पायांचा. बंपर त्याच्या पायांना लागतो, पाय खालून निघून जातात आणि दोन-अडीच क्विंटलचं धड थेट काचेवर येतं. ओमान आणि सौदीत हेच उंटाच्या बाबतीत होतं, तिथे वजन आणखी दुप्पट. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने रात्री जाताना रोही आडवा आलेल्यांना हे समजावून सांगायला नको. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामी पोचायचं, एवढाच याचा हिशोब.

वाळवंटात पाण्याने माणसं मरतात हे चमत्कारिक वाटतं. नामिबियातल्या बहुतेक नद्या वर्षभर कोरड्या असतात आणि रस्ते पूल न बांधता त्यांच्या पात्रातून जातात. जानेवारी ते एप्रिलमध्ये दूरच्या डोंगरांत पाऊस झाला की डोक्यावर निरभ्र आकाश असताना पात्रातून लोंढा येतो. ओमानमध्ये एप्रिल २०२४ मध्ये अशाच वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पुराने शाळकरी मुलांना नेणारी गाडी वाहून नेली. आपल्याकडेही २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी बस घातली गेली आणि ती वाहून गेली, माणसं दगावली. काठावर थांबलेल्यांना पाणी गुडघाभरच वाटतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत जवळपास कुठलीही गाडी वाहून जाते. थांबायचं. वाळवंटातला पूर जसा येतो तसा काही तासांत उतरतोही.

सर्वांत अवघड नियम शेवटी, कारण तो आपल्या स्वभावाच्या विरुद्ध आहे: गाडी बंद पडली तर तिला सोडून जायचं नाही. आपण काय करतो? घरचे गाडीत बसतात, एक जण पायी गावाकडे निघतो. वाळवंटात हे अंगाशी येतं. १९९६ च्या जुलैत चार जर्मन पर्यटक, दोन मोठे आणि दोन मुलं, भाड्याची मिनीव्हॅन घेऊन अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत गेले. १९१३ साली ५६.७ अंशांची नोंद झालेली हीच जागा. परतीची तारीख उलटली तरी माणसं आली नाहीत. ऑक्टोबरमध्ये एका ओसाड घळीत गाडी सापडली, वाळूत रुतलेली, टायर बसलेले. जवळ कुणी नव्हतं. हाडं सापडायला २००९ चा नोव्हेंबर लागला, गाडीपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला. नकाशावर दक्षिणेकडे लष्करी तळाची हद्द दिसते. हद्दीवर पहारा असेल, कुणीतरी भेटेल अशा आशेने ते चालत गेले असावेत, असा शोधकर्त्यांचा तर्क आहे. तिथे पहारा नव्हता, नुसतंच आणखी वाळवंट होतं. माणसांच्या देशातून आलेली माणसं, हद्द म्हटल्यावर पलीकडे कुणीतरी असेल असंच त्यांना वाटलं असणार.

गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीची सावली असते, आरसा असतो, टायर असतात, जे जाळून धूर करता येतो. कष्टाने चालणाऱ्या माणसाच्या अंगातून कडक उन्हात तासाला लिटरभर घाम जातो, सावलीत बसलेल्याच्या अंगातून त्याहून कितीतरी कमी. म्हणून माणशी दिवसाला पाच लिटर पाणी आणि दोन दिवसांचं जास्तीचं, दोन स्टेपन्या, अर्ध्यावर आली की भरायची टाकी, आणि मोबाइलला रेंज नसते म्हणून कागदी नकाशा. निघताना मुक्कामाच्या जागी सांगायचं: अमुक रस्त्याने जातोय, संध्याकाळपर्यंत अमुक ठिकाणी पोचतो, नाही पोचलो तर विचारा. गाडी ताब्यात घेतानाच जॅक आणि पाना काढून एक चाक खोलून पाहावं. काउंटरवाला हसला तर हसू द्यावं. पाना बसत नाही हे तिथेच कळलेलं बरं.

गाडी परत करताना ती टाकी भरून द्यायची असते, म्हणून विमानतळाजवळच्या पंपाची पावती जपून ठेवायची. घेताना चारही बाजूंचं, छताचं, काचेचं आणि खालचं चित्रीकरण केलेलं असेल तर ते इथे उपयोगी पडतं, कारण तपासणारा खाली वाकून पाहतो आणि काचेवर बोट फिरवतो. अडकवलेली रक्कम मोकळी व्हायला काही आठवडे लागू शकतात आणि वेगमर्यादा मोडल्याचा दंड आपण घरी पोचल्यावरही कार्डावर येतो. विंडहूकचा विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर आहे. काचेवर नवा तडा असेल तर विमानाच्या वेळेआधी आणखी दोन तास हातात ठेवून निघावं.